पहिला पाय

इग्नात कालपाकोव्ह चार देशांत फुटबॉल खेळून आला, पण माझ्यासारखे कपडे कुठेच कोणी धुतले नाहीत, असं तो सगळ्यांना सांगतो. खोटं नसावं. आमच्या क्लेनोवेत्स गावच्या ‘प्रेदाच’ क्लबचे कपडे मी बत्तीस वर्षं धुतेय. चिखल कुठल्या मैदानाचा हे मी नुसत्या डागावरून सांगते. कोण खरंच पडला आणि कोणी पडल्याचं सोंग केलं हेही मला कळतं. सोंगाड्याचा गुडघा हिरवा होतो, पण ढुंगण कोरडं राहतं.

इग्नात समोरच्या घरातला. मध्ये फक्त गल्ली. सेव्दाचा एकुलता एक. वीस डिसेंबरला, संत इग्नातच्या दिवशी जन्मला, त्यामुळे नाव शोधायला कोणाला त्रास पडला नाही. नऊ वर्षांचा होईतो त्याने माझ्या खिडकीच्या सात काचा फोडल्या. सातवी फुटली तेव्हा मी त्याला कान धरून क्लबात नेलं आणि प्रशिक्षकाला म्हटलं, “ह्याला जाळीत मारायला शिकवा. माझ्या काचा संपल्या.” त्याच्या कारकिर्दीची सुरुवात ही अशी. वर्तमानपत्रवाले लिहितात, बापाने आणलं. बाप तेव्हा सूतगिरणीची पाळी करून घोरत होता.

पोरगं धावायला मात्र विलक्षण. उजव्या कडेने सुटलं की समोरचे नुसते बघत राहायचे. एकविसाव्या वर्षी सोफियाच्या एका मोठ्या क्लबची माणसं त्याला हेरून गेली. क्लबचं नाव घेत नाही, उगाच कशाला. त्याच्या वाढदिवशी दुपारी ती करार घेऊन येणार होती. अख्खं गाव हवेत होतं.

आणि त्याच सकाळी मी माती खाल्ली. निदान पुढची सोळा वर्षं सगळे तसं म्हणत होते.

इग्नातच्या दिवसाचं आमच्याकडे फार कडक असतं. त्या सकाळी बाहेरून घरात पहिला पाय ज्याचा पडेल, त्याच्या पायगुणावर घराचं वर्ष जातं. घरचा असो की परका, पाय मोजला जातो. म्हणून ज्याचा पाय हलका, त्याला आठ दिवस आधीच सांगून ठेवायचं, आणि बाकीच्यांनी तो येईपर्यंत आपापल्या घरात गप बसायचं. सेव्दाकडे दरवर्षी पान्चो खाटीक यायचा. त्याच्याइतका हलका पाय गावात दुसरा नव्हता. माणूस एकशे दहा किलोचा, पण पाय हलका.

आदल्या दिवशी सेव्दाने मला भोपळ्याचं सारण भरलेली बानित्सा पाठवली होती, तिच्या मोठ्या ताटात. ताट परत करायचं होतं. रिकामं भांडं कोणी परत देत नाही, म्हणून त्यात अक्रोड भरले. पण उठले आणि गेले असं नाही हं. मी काही वेडी नाही. आधी खिडकीतून बघितलं. पहाटे बर्फ पडला होता, आणि सेव्दाच्या फाटकापासून दारापर्यंत बुटांचे ठसे उमटले होते. मोठाल्या बुटांचे. म्हटलं, चला, पान्चो येऊन गेला. मग निघाले. दार ढकललं आणि “सेव्दा, घे गं तुझं ताट,” म्हणत पाय आत टाकला. सेव्दा चुलीपाशी उभी. हातात गव्हाची चाळण, आणि तोंड असं, जणू मी नागडीच आलेय.

“पान्चो कुठाय?” ती म्हणाली.

“येऊन गेला ना?”

“कोण येऊन गेला? अजून कुणाचाही पाय लागलेला नाही घराला!”

“अगं, बाहेर ठसे आहेत त्याचे.”

ती बाहेर धावली. पण बर्फाचा जोर वाढला होता, आणि मी म्हणजे अशी शहाणी, की घसरायला नको म्हणून त्याच ठशांवर पाय घासत आले होते. पायऱ्यांवर आता फक्त माझेच पाय दिसत होते. पान्चो अर्ध्या तासाने उगवला. डोळे सुजलेले, आदल्या दिवसाची राकिया अजून उतरलेली नाही.

करार झाला. लोक प्यायले, नाचले. जानेवारीत इग्नात सोफियाला गेला आणि तिसऱ्याच आठवड्यात सरावात त्याचा गुडघा गेला. मार्चमध्ये गिरणीला कुलूप लागलं. मे महिन्यात प्रेदाच खालच्या गटात घसरला. जूनमध्ये सेव्दाच्या बारा कोंबड्यांपैकी नऊ कोल्ह्याने नेल्या. आणि हे सगळं माझ्या पायाच्या नावावर लागलं.

“गिरणी वरच्या साहेबांनी विकून खाल्ली,” मी म्हणायचे.

“ते खरंच गं रायना,” लोक म्हणायचे, “पण पाय तुझा पडला ना.”

“आणि कोल्हा? त्याला काय मी फाटक उघडून दिलं?”

“तसं कोण म्हणतंय? पण पाय...”

“ठसे होते,” मी सांगायचे. पहिल्या वर्षी ओरडून सांगायचे, पाचव्या वर्षी पुटपुटून. दहाव्या वर्षी माझं मलाच वाटायला लागलं, होते का खरंच?

त्यात फुटबॉलवाले म्हणजे अंधश्रद्धेचे आगरच. कोणी डावा बूट आधी घालतो, कोणी मैदानात शिरताना गवत उपटून खिशात टाकतो. एका गोलरक्षकाने अख्खा हंगाम हातमोजे धुवू दिले नाहीत, जिंकत होतो म्हणून. वास माझ्या नाकाला ठाऊक. या मंडळींनी ठरवलं की सामन्याच्या दिवशी खेळाडूंच्या आधी रायनाचा पाय कपडे बदलायच्या खोलीत पडायला नको. कप्तान टोपी हातात घेऊन सांगायला आला. “मावशी, तुझ्यावर कुणाचा राग नाही. तू आमच्या आईसारखी. फक्त तेवढं दारातून येऊ नकोस.”

खोलीच्या मागच्या भिंतीत एक लहान खिडकी आहे. तेव्हापासून मी तिथे टकटक करायची, आतून एक हात यायचा आणि कपड्यांची पिशवी घेऊन जायचा. सोळा वर्षं मी सामन्याआधी पोरांचे हातच बघितले, तोंडं नाही. लग्नाचं, बारशाचं, नव्या घराचं बोलावणं यायचं, पण शेवटी असायचंच: “जरा निवांत ये हं मावशी, गडबड नको करूस.” सगळे हसून सांगायचे, मीही हसायचे. घरी आले की भांडी आदळायचे.

सेव्दाचं आणि माझं बोलणं कधी तुटलं नाही. कुंपणावरून आम्ही मिरच्यांच्या भावापासून रक्तदाबापर्यंत सगळं बोलायचो. पण ती माझ्या दारात आली नाही, मी तिच्या दारात गेले नाही.

इग्नातचं पुढे काय झालं ते मला असं कुंपणावरूनच कळायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धावणं विसर. तो सहा महिने आमच्या मैदानावर काठी टेकत हिंडला. मग एक दिवस काठी माझ्या अंगणात टाकून म्हणाला, “मावशी, मला पळत जाता येत नाही, तर मी आधीच जाऊन उभा राहीन.” आणि झाला की बचावपटू! चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळायचं. बाकीचे धापा टाकत पोचायचे तेव्हा हा तिथे उभाच. तेवीस वर्षांचा असताना सायप्रसच्या दुसऱ्या गटात त्याला म्हातारा म्हणायचे. तीन वर्षं तिथे उन्हात भाजला, दोन वर्षं हंगेरीत. मग कझाकस्तानात चार वर्षं. तिथे उणे वीसमध्ये चेंडू म्हणजे दगड, सकाळी डोक्याने मारला तर आपलं नाव थेट दुपारी आठवतं, असं तो फोनवर सांगायचा. शेवटची सहा वर्षं फिनलंड. तिथे कप्तान झाला. प्रेक्षकांनी त्याच्यावर गाणं रचलं. सेव्दाने फोनवर मला ते शंभरदा ऐकवलं. त्यात ‘कालपाकोव्ह’ सोडून एक अक्षर कळत नाही, पण ती प्रत्येक वेळी रडायची.

आणि दरवर्षी वीस डिसेंबरच्या सुमाराला पोस्टमन एक पार्सल आणायचा. सेव्दाकडे नाही, माझ्याकडे.

“मला मेला नुसता फोन,” सेव्दा कुंपणावरून फणकारायची, “आणि हिला पार्सल!”

सायप्रसहून चामड्याच्या चपला. हंगेरीहून फुलं भरलेल्या तांबड्या सपाता. कझाकस्तानातून उंटाच्या लोकरीचे मोजे, आणि एकदा नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे बूट, ते घातले की मी अस्वल दिसायचे. फिनलंडहून आतून केस लावलेले बूट. दरवेळी पायात घालायचंच काहीतरी. चिठ्ठी एका ओळीची: “मावशी, थंडीला जप. इग्नात.” पोराला वाटतं तरी काय, मी गावात अनवाणी हिंडते? सगळे जोड कपाटात ठेवले आणि माझे जुने रबरी बूटच वापरत राहिले. पंधरा वर्षांत पंधरा जोड.

गेल्या उन्हाळ्यात तो परत आला. वय सदतिसाव्याला टेकलेलं, केस पातळ झालेले, बरोबर फिनलंडची बायको. मिर्या तिचं नाव. उंच, शांत पोरगी, आमच्या तिखट लोणच्याला घाबरत नाही, म्हणजे टिकेल. बाळंतपण फेब्रुवारीत. इग्नात प्रेदाचचा प्रशिक्षक झाला आणि खेळाडूही, कारण दोन्हीला दुसरं कोणी नव्हतं. ऑगस्टमधल्या पहिल्या सामन्याला मी खिडकीवर टकटक केली, तर त्याचाच हात बाहेर आला. करंगळी वाकडी आहे त्याची, मी ओळखते. पिशवी घेतली, पण हात लगेच आत गेला नाही.

“मावशी,” तो आतून म्हणाला.

“काय रे?”

“काही नाही.”

असं शरदातले सगळे सामने चाललं. प्रत्येक वेळी ‘मावशी’, आणि मग काही नाही. मी म्हटलं, उंटांच्या देशात राहून पोराच्या डोक्यावर परिणाम झाला.

इग्नातचा दिवस आला. पुन्हा भरपूर बर्फ. सेव्दाने चार दिवस आधीपासून कुंपणावरून युद्धाची तयारी ऐकवली होती. सुनेला ताकीद दिली होती, सकाळी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, अंगणात अस्वल आलं तरी बघायला जायचं नाही. पान्चोला सांगून झालं होतं. आता तो अठ्ठ्याहत्तरचा, हातात काठी, पण पाय हलकाच. आठ वाजता येणार होता. मी नेहमीसारखी घरात दार लावून बसले होते, कोबीच्या पिंपातलं पाणी ढवळत.

सातच्या सुमाराला दार वाजलं. उघडते तर इग्नात. पायात घरातल्या सपाता, डोक्यावर बर्फ.

“अरे गाढवा,” मी म्हटलं, “बाहेर कशाला आलास? आता परत कसा जाशील? आत पाऊल टाकलंस तर पहिला पाय तुझा होईल!”

“म्हणून तर आलोय. परत मी तुझ्या मागून जाणार. पहिला पाय तू टाकायचास.”

मी ढवळायची काठी खाली ठेवली. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बायको सात महिन्यांची पोटुशी, क्लब काठावर लटकतोय, आणि घरात आधी मी शिरू?”

“हो.”

“जा, फाटकापाशी उभा राहा. पान्चो येतोच आहे.”

“मावशी, चल ना.”

“नाही येणार.” आणि मग मी खरं तेच बोलले, कारण खोटं बोलायला सुचलं नाही. “मला भीती वाटते, इग्नात. गाव म्हणतं त्याची नाही. माझीच. पोराला काही झालं तर लोकांनी बोट दाखवायच्या आधी मीच माझ्याकडे बोट दाखवीन. सोळा वर्षं ऐकलंय रे. ऐकून ऐकून मुरतं आत.”

तो खुर्चीवर बसला. एवढा मोठा बाप्या, गुडघे जुळवून शाळेतल्या पोरासारखा.

“ठसे होते, मावशी,” तो म्हणाला.

“काय?”

“त्या दिवशी. बर्फात ठसे होते. माझे होते.”

तोच बोलत राहिला. वाढदिवस म्हणून मित्रांबरोबर शेजारच्या गावात नाचायला गेला होता. प्रशिक्षकाने बजावलं होतं, सोफियाची माणसं येतायत, घरात झोपून राहा. आईने तर दाराला खुर्ची लावली होती. हा खिडकीतून गेला. पहाटे बर्फात खिडकी गोठून बसली, उघडेना. आईने चूल पेटवायला उठल्यावर खुर्ची काढली होती, म्हणून दारातून शिरला, बूट काढून, मांजरासारखा. आई चुलीपाशी पेंगत होती. खोलीत जाऊन पांघरूण घेतो न घेतो, तोच माझा आवाज ऐकला, घे गं तुझं ताट.

“तेव्हा सांगितलं असतं तर करार गेला असता,” तो म्हणाला. “मग गुडघा गेला. म्हटलं, बरा झालो की सांगेन. मग गिरणी, मग क्लब. दर महिन्याला तुझ्या नावावर एकेक जास्तच. जितकं साचलं तितकं तोंड उघडेना. मग मी पळूनच गेलो.”

“आणि हे बूट? चपला?”

“सांगायची हिंमत नव्हती. काहीतरी पाठवायला हवं असं वाटायचं.”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आणि तेव्हाच डोकंही भडकलं. मी कपाट उघडलं.

“हे घे तुझं सायप्रस!” चप्पल त्याच्या खांद्याला लागली. “ही घे हंगेरी! ही दुसरी! पोरं मला खिडकीतून बोलायची, खिडकीतून! हे घे कझाकस्तान!” नमद्याचा बूट जड होता, तो त्याने मांडीने अडवला. “माझ्या भाचीच्या लग्नात मला दारात थांबवून ठेवलं होतं, आधी दुसरं कोणी जाऊ दे म्हणून! हे घे फिनलंड!” तो बूट त्याने छातीवर झेलला आणि अलगद खाली उतरवला. सवय, दुसरं काय. पंधरा जोड संपेपर्यंत तो एकदाही वाकला नाही, एकदाही हात वर केला नाही. शेवटी उंटाच्या लोकरीचे मोजे उरले. ते फेकून काही उपयोग नव्हता.

मी धापा टाकत होते. तोही रडवेला. मग का कोण जाणे, मला हसू फुटलं. म्हणजे ह्याचा गुडघा ह्याच्याच पायाने मोडला होता!

“हसू नकोस गं,” तो म्हणाला. “आणि ऐक. गुडघा गेला नसता तर मी नुसता पळत राहिलो असतो आणि अठ्ठाविसाव्या वर्षी संपलो असतो. गुडघा दाखवायला फिनलंडमध्ये ज्या दवाखान्यात जायचो, तिथेच मिर्या भेटली. तो पाय कुणाचाही असू दे, वाईट नव्हता.”

“ते तू तुझ्या आईला सांग. आत्ता. माझ्यासमोर.”

त्याचा चेहरा उतरला. “आईला?”

“चार देशांत धिप्पाड धिप्पाड माणसं अडवलीस, आणि आईला भितोस?”

“तू नाही भीत तिला?”

“मीही भिते. चल.”

मी उंटाच्या लोकरीचे मोजे घातले, त्यावर माझे रबरी बूट. गल्ली ओलांडली. वरच्या बाजूने पान्चो काठी टेकत येतच होता, हातात ओकची फांदी. सेव्दा दार उघडून आत उंबऱ्याशी उभी, गहू आणि अक्रोडांची चाळण घेऊन. आम्हाला बघून तिचे डोळे मोठे झाले.

“इग्नात! तू बाहेर काय करतोयस? आणि रायना, तू... थांब, थांब, पुढे येऊ नकोस! पान्चोला येऊ दे!”

“आई,” इग्नात फाटकातून म्हणाला. ज्या आवाजात तो मैदानावर माणसं उभी करतो, त्या आवाजात. “सोळा वर्षांपूर्वी पहिला पाय माझा होता. पहाटे नाचून आलो होतो. रायनामावशी खरं बोलत होती. ठसे होते.”

समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. आमच्या गल्लीत खिडक्यांना बरोबर कळतं कधी उघडायचं.

पहिला बोलला तो पान्चो. “म्हणजे माझ्या झोपण्यामुळे नाही तर?” त्याने काठीवर दोन्ही हात ठेवले. “सोळा वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशी मी प्यायलो नसतो तर गिरणी चालू राहिली असती!”

सेव्दाने चाळणीतून एक अक्रोड उचलला आणि इग्नातला फेकून मारला. नेम चांगला आहे तिचा, पोराने तो तिच्याकडूनच घेतलाय. “नाचायला गेला होतास?” दुसरा अक्रोड. “दाराला खुर्ची लावली होती मी!” तिसरा. “आणि मी हिला... मी हिला सोळा वर्षं...” चौथा अक्रोड तिच्या हातातच राहिला. तिच्या मागे मिर्या येऊन उभी होती, पोटावर हात ठेवून. तिने विचारलं, “हा पण तुमच्या रितीतला भाग आहे का?”

सेव्दाने डोळे पुसले. मग माझ्याकडे बघून ओरडली, कारण रडताना तिला हळू बोलता येत नाही. “आता तिथे उभी राहून थंडी कशाला आत घालतेस? ये ना आत!”

“पान्चो आहे की,” मी म्हटलं.

“माझे पाय दुखतात,” पान्चो म्हणाला आणि ओकची फांदी माझ्या हातात दिली. “जा रायना.”

पायऱ्या कोऱ्या होत्या. एकही ठसा नाही. मी तिथे उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की दोष माझा नव्हता म्हणजे माझ्या पायाची परीक्षा अजून झालीच नव्हती. माझा पाय हलका की जड, हे सहासष्टाव्या वर्षी मलाही माहीत नव्हतं. इग्नात मागे उभा होता, अगदी जवळ, पण त्याने मला ढकललं नाही. मी उजवा पाय उचलला आणि आत ठेवला.

सेव्दाने माझ्या डोक्यावर गहू उधळले. मी चुलीशी गेले, फांदीने निखारे ढवळले, ठिणग्या उडाल्या. बोलायचं पाठ होतं. सोळा वर्षं मी ते माझ्या रिकाम्या घरात, माझ्याच चुलीला म्हणत होते. “जितक्या ठिणग्या तितकी पिल्लं, तितकी कोकरं, तितकं आरोग्य ह्या घराला.” मग सेव्दाने मला चुलीपाशी बसवलं, कोंबड्या अंड्यांवर नीट बसाव्यात म्हणून, तशी रीतच आहे.

“रायना,” ती म्हणाली, “ते जे मी...”

“राहू दे, असं मी म्हणणार नाही,” मी म्हटलं. “सोळा वर्षांचं एका सकाळी फिटत नाही.”

“मग काय करू?”

“रोज सकाळी कॉफीला बोलवायचं. दारातून. आणि कॉफी पातळ करायची नाही.”

ती करते तशी. थोडी पातळच करते, पण बोलावते.

वर्ष कसं चाललंय म्हणाल तर सगळ्या वर्षांसारखंच. फेब्रुवारीत मुलगी झाली, आजीचं नाव लावायचं म्हणून सेव्दा ठेवलं, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. त्याच महिन्यात सेव्दाच्या घरातला पाण्याचा नळ फुटला. गावात वाद पडला, नळ माझ्या नावावर की मुलगी. पान्चोने निकाल दिला की मुलगी रायनाची, नळ प्लंबरचा.

मार्चच्या पहिल्या रविवारी वसंतातला पहिला घरचा सामना होता. मी कपडे इस्त्री करून पिशवीत भरले, सवयीने मागच्या भिंतीशी गेले आणि खिडकीवर टकटक केली. हात आला नाही. पुन्हा केली. जवळून बघितलं तर आतून फळी ठोकलेली.

“इग्नात!” मी ओरडले. “खिडकीला काय केलंस?”

“दार आहे की, मावशी,” आवाज आतून नाही, मागून आला. बघते तर अकराच्या अकरा पोरं दाराबाहेर, थंडीत, बनियनवर कुडकुडत उभी. आत कोणीच नाही. माझ्यासाठी दार उघडं धरून थांबले होते. “लवकर जा,” इग्नात म्हणाला, “तू गेल्याशिवाय आम्हाला आत जाता येत नाही.”

मी आत गेले. सोळा वर्षांनी. खोली तशीच, तोच वास. प्रत्येकाच्या जागेवर त्याचा सदरा ठेवला. पाच नंबर इग्नातचा. तो जरा जास्त सपाट करून ठेवला. मग दारात येऊन म्हटलं, “या. आणि चिखल कमी आणा.”

त्या दिवशी आम्ही दोन-शून्य हरलो. दुसरा गोल तर इग्नातच्याच पायाला लागून आत गेला. सामना संपल्यावर सगळे माझ्या समोरून गेले, चिखलाने माखलेले, शिव्या देत. पंचाला शिव्या, वाऱ्याला शिव्या, एकमेकांना शिव्या. इग्नातने ओला सदरा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “मावशी, डाग जाईल ना?” मी सगळ्यांच्या डोळ्यांकडे नीट बघत उभी होते. माझ्या पायांकडे कोणीही बघितलं नाही.